प्लग-इनची गर्दी कशी आवरायची: घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या नवख्यांसाठी

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांपासून बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटपर्यंत नागपुरात आता कितीतरी जण घरच्या घरी रेकॉर्डिंग करतात. कुणी राष्ट्रसंतांची भजनं खंजिरीवर म्हणून साठवतं, कुणी वऱ्हाडी गोष्टी सांगतं, कुणी चौदा एप्रिलच्या आधी भीमगीतांचे ट्रॅक तयार करतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाचून मित्रांना पाठवतं. बहुतेकांची सुरुवात ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामने होते, कारण ते मोफत आहे. हात बसला की काही जण रीपर या त्याच कामाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडे वळतात. मग व्हिडिओ बघून एकेक प्लग-इन, म्हणजे या प्रोग्रामला जोडायचा जादा इफेक्ट, उतरवला जातो, आणि थोड्याच दिवसांत इफेक्ट मेनू इतका लांबतो की स्क्रीनवर मावत नाही. घुमार देणारे रिव्हर्ब चार, हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारे कॉम्प्रेसर सहा, आणि ऐन कामाच्या वेळी त्यातला कुठला आपल्या आवाजाला बरा वाटला होता तेच आठवत नाही.

हा लेख त्या टप्प्यावर पोचलेल्यांसाठी आहे. माझं ठाम मत आधीच सांगते: प्लग-इन कंपनीच्या नावाने लावू नका, वर्णक्रमाने लावू नका, आपल्या कामाच्या क्रमाने लावा. आणि नवे इफेक्ट शिकण्याआधी हे करा. मांडणी नीट झाली की शिकणंही सोपं होतं, कारण प्रत्येक खणात एक-दोनच वस्तू उरतात आणि त्यांची खरी ओळख होते.

आधी कागद, मग संगणक

संगणक बंद ठेवा आणि एका कागदावर लिहा: मी रेकॉर्डिंग केल्यावर त्यावर कोणकोणती कामं करते किंवा करतो? इफेक्टची नावं लिहू नका, कामं लिहा. "कूलरची घरघर काढणे." "माइक जवळ आल्याने घुमणारा आवाज पातळ करणे." "हळू बोललेली वाक्यं वर आणणे." "भजनाला देवळाच्या सभामंडपासारखा घुमार देणे." "शेवटी सगळ्या भागांचा आवाज एका पातळीवर आणणे."

ही यादी झाली की ती पाच खणांत पडते. पहिला खण सफाईचा: खरखर, गुणगुण, टिकटिक काढणं. दुसरा घडणीचा: इक्वलायझर, म्हणजे जाड-पातळ करणं. तिसरा समतोलाचा: कॉम्प्रेसर, आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा लिमिटर, 'स'चा सीत्कार कमी करणारा डी-एसर. चौथा जागेचा: रिव्हर्ब आणि प्रतिध्वनी देणारा डिले. पाचवा मोजमापाचा: आवाज न बदलता फक्त आकडे दाखवणारे मीटर. खणांचा हा क्रम ट्रॅकवर इफेक्ट लावण्याचाही क्रम आहे. आधी साफ करायचं, मग आकार द्यायचा, मग पातळी धरायची, शेवटी घुमार. उलटं केलं, म्हणजे कॉम्प्रेसर आधी आणि सफाई नंतर, तर कॉम्प्रेसर हळू आवाजांबरोबर कूलरची घरघरही वर उचलतो आणि मग ती काढणं जड जातं.

आता प्रत्येक खणापुढे तुमच्याकडे असलेल्या प्लग-इनची नावं लिहा. ज्याचं नाव कुठल्याच खणात बसत नाही, किंवा बसतं पण गेल्या काही महिन्यांत तुम्ही त्याला हात लावलेला नाही, त्याच्यावर काट मारा. लगेच पुसून टाकायची गरज नाही. काट मारलेले पुढे बंद करायचे आहेत, काढायचे नाहीत.

कुठला प्रकार उतरवायचा

प्लग-इनच्या पानावर डाउनलोडचे चार-पाच पर्याय दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. नेमकं एवढं लक्षात ठेवा.

व्हीएसटी ही प्लग-इन ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामला जोडण्याची पद्धत स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये आणली. तिची तिसरी पिढी, व्हीएसटी३, २००८ ची. दुसऱ्या पिढीचा विकास-संच, म्हणजे तसे प्लग-इन बनवायला लागणारी साधनं, स्टाइनबर्गने २०१८ मध्ये वाटणं थांबवलं, म्हणून नवीन काही घेताना व्हीएसटी३ निवडा. ऑडॅसिटीला व्हीएसटी३ ३.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून चालतं. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर आधी ती बदला. पुढचं बरंचसं जुन्या आवृत्तीत सापडणार नाही. मॅकवर ऑडिओ युनिट हाही चांगला पर्याय आहे. लिनक्सवर एलव्ही२ आणि जुनं लॅडस्पा सर्रास मिळतात. काल्फ आणि एलएसपी हे दोन मोफत संच तिथे बहुतेक गरजा भागवतात. नायक्विस्ट हा ऑडॅसिटीचा स्वतःचा प्रकार आहे: साध्या मजकुराची छोटीशी फाइल, टूल्स मेनूतल्या नायक्विस्ट प्लग-इन इन्स्टॉलरने बसते.

एकाच प्लग-इनचे दोन प्रकार कधीही एकत्र बसवू नका. इन्स्टॉलर विचारतो तेव्हा बहुधा सगळ्या चौकटींवर आधीच खूण असते. व्हीएसटी३ सोडून बाकीच्या काढा. मेनूत एकच नाव दोन-तीनदा दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणखी एक तपासणी: संपादक, म्हणजे ऑडॅसिटी किंवा रीपर, ६४-बिट असेल तर प्लग-इनही ६४-बिट हवा. ऑडॅसिटी ३२-बिटचे जुने प्लग-इन ६४-बिट आवृत्तीत उघडत नाही. रीपर पूल बांधून ते चालवतं, पण नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. तसंच, ऑडॅसिटीत वाद्यांचे व्हीएसटी, म्हणजे पेटी किंवा पियानो वाजवणारे, चालत नाहीत. फक्त इफेक्ट चालतात. "बसवला पण दिसत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

एक जागा, एक साठा, एक वही

विंडोजवर व्हीएसटी३ ची जागा ठरलेली आहे: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३. मॅकवर लायब्ररी, ऑडिओ, प्लग-इन्स आणि त्यात व्हीएसटी३. ही जागा बदलू नका. डेस्कटॉपवर किंवा डाउनलोडमध्ये ठेवलेला प्लग-इन आज चालेल, पण साफसफाईच्या दिवशी पुसला जाईल आणि जुने प्रकल्प अर्धवट उघडतील. जुन्या व्हीएसटी२ ला विंडोजवर अशी एक ठरलेली जागा कधीच नव्हती. प्रत्येक इन्स्टॉलर वेगळा फोल्डर सुचवतो. असे प्लग-इन ठेवायचेच असतील तर त्यांच्यासाठी एकच फोल्डर ठरवा आणि प्रत्येक वेळी तोच दाखवा.

याखेरीज दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर साठ्याचा फोल्डर करा. उतरवलेला प्रत्येक इन्स्टॉलर तिथे ठेवा, फाइलच्या नावात आवृत्ती आणि तारीख घाला. मोफत प्लग-इन बनवणारे कधीकधी एकटे माणूस असतात. त्यांचं संकेतस्थळ बंद झालं की तो प्लग-इन मिळेनासा होतो.

वहीत, किंवा साध्या तक्त्यात, प्रत्येक प्लग-इनसाठी एक ओळ: नाव, बनवणारा, खण, आवृत्ती, कुठून घेतला, परवाना कुठल्या ईमेलवर आहे, आणि शेवटी एका वाक्यात "मी हा कशासाठी वापरतो". हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते लिहिता येत नसेल तर तो प्लग-इन तुमच्या कामाचा नाही.

पेनड्राइव्हवरून किंवा ग्रुपमधून फिरणारे, कुलूप तोडलेले महागडे प्लग-इन घेऊ नका, हे मनापासून सांगते. त्यांत काय मिसळलेलं आहे ते कळायला मार्ग नसतो, त्यांच्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि स्कॅन करताना, म्हणजे बसवलेले प्लग-इन शोधून तपासताना, संपादक कोसळायचं ते एक नेहमीचं कारण असतं. शिवाय गरज नाही. ऑडॅसिटीत आणि रीपरमध्ये मुळातच आहे त्यावर भजन आणि गोष्ट दोन्ही उत्तम होतात. त्यावर टोकियो डॉनचा नोव्हा हा इक्वलायझर, व्हलहल्लाचा सुपरमॅसिव्ह घुमारासाठी, व्हॉक्सेन्गोचा स्पॅन आणि युलीनचा लाउडनेस मीटर मोजण्यासाठी: हे सगळे मोफत मिळतात आणि नव्या माणसाला वर्षभर पुरून उरतात.

ऑडॅसिटीत मांडणी: वजाबाकीने

ऑडॅसिटीत स्वतःच्या नावाचे फोल्डर करता येत नाहीत. त्यामुळे इथे आवराआवर म्हणजे नको ते दिसेनासं करणं, आणि हवं त्याला आपल्या कामाचं नाव देणं.

टूल्स मेनूतला प्लग-इन मॅनेजर उघडा. बसवलेले सगळे प्लग-इन यादीत दिसतात. कागदावर काट मारलेले सगळे इथे बंद करा. बंद केलेला प्लग-इन संगणकावर राहतो, फक्त मेनूत येत नाही. पश्चात्ताप झाला तर पुन्हा खूण करायची. ऑडॅसिटीसोबत आलेले इफेक्टही बंद करता येतात, आणि ते करायला लोक उगाच कचरतात. गोष्टी सांगणाऱ्याला वाहवाह आणि फेझर लागत नाहीत. बंद करा.

मग प्रेफरन्सेस उघडा, म्हणजे विंडोजवर कंट्रोल आणि पी, आणि इफेक्ट्सच्या पानावर जा. मेनू कसा लावायचा ते इथे ठरतं: नावाने, बनवणाऱ्याने, प्रकाराने किंवा गटाने. गटाने लावा. ऑडॅसिटीचे स्वतःचे इफेक्ट आवाजपातळी, इक्वलायझर, खरखर काढणे, रिव्हर्ब अशा गटांत पडतात, आणि हे गट आपल्या पाच खणांशी बरेचसे जुळतात.

पुढचं काम प्रीसेटचं, म्हणजे जमलेली सेटिंग नाव देऊन साठवण्याचं. प्रत्येक इफेक्टच्या खिडकीत प्रीसेट साठवायची सोय असते. तिथे नाव देताना आकडे लिहू नका, काम लिहा: "गोष्ट-बसून-घरचा माइक", "भजन-खंजिरीसह", "फोनवर मुद्रित मुलाखत". पुढच्या वेळी इफेक्ट उघडला की सेटिंग शोधत बसावं लागत नाही. प्रीसेट फाइल म्हणून बाहेरही काढता येतात. त्या साठ्याच्या फोल्डरमध्ये ठेवा.

रोज लागणाऱ्या दोन-तीन इफेक्टना प्रेफरन्सेसमधून कीबोर्डची कळ द्या. शेवटचा इफेक्ट पुन्हा लावायला कंट्रोल आणि आर आहेच. जी मालिका दर भागाला जशीच्या तशी लागते तिचा मॅक्रो करा, टूल्स मेनूतल्या मॅक्रो मॅनेजरमध्ये. एका वेळी अनेक फाइलींवर तो चालतो. रोज एक भाग काढणाऱ्यांनी मॅक्रो शिकलाच पाहिजे.

ऑडॅसिटीत इफेक्ट दोन तऱ्हांनी लागतात, हेही इथेच समजून घ्या. मेनूतून लावलेला इफेक्ट आवाजात मुरतो. कंट्रोल आणि झेडने मागे घेता येतो तोवर ठीक, नंतर नाही. ट्रॅकच्या डाव्या बाजूच्या इफेक्ट्स बटणाने लावलेला मात्र वरवर राहतो: ऐकता ऐकता चालू-बंद करता येतो, ओढून क्रम बदलता येतो. ही सोय ३.२ पासून आहे, आणि सगळ्या ट्रॅकवर एकदम लावायचे मास्टर इफेक्ट ३.६ पासून. खरखर काढणारा नॉइझ रिडक्शन आणि नायक्विस्टचे इफेक्ट असे वरवर लागत नाहीत. म्हणून सफाई मेनूतून आधी करून घ्यायची, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून. घडण, समतोल आणि घुमार वरवरच्या थरात ठेवायचे.

रीपरमध्ये मांडणी: खणांनी

रीपरमध्ये हवी तशी मांडणी करता येते. ट्रॅकवरचं एफएक्स बटण दाबलं की ब्राउझर उघडतो. एखाद्या प्लग-इनवर उजवं क्लिक करून तो नव्या फोल्डरमध्ये घालता येतो. पाच फोल्डर करा, नावापुढे आकडा ठेवा: १ सफाई, २ घडण, ३ समतोल, ४ जागा, ५ मोजमाप. एकच प्लग-इन दोन फोल्डरमध्ये असला तरी चालतं, कारण फोल्डरमध्ये फक्त त्याचा उल्लेख असतो, फाइल नाही. रीपरच्या सोबत येणारे रीआ-ईक्यू, रीआ-कॉम्प, रीआ-गेट यांना पहिल्या जागा द्या. दिसायला साधे आहेत, पण हलके आणि भरवशाचे आहेत.

एकत्र लागणारे इफेक्ट ट्रॅकवर लावून झाले की ती साखळी एफएक्स चेन म्हणून साठवा. भजनाची एक चेन, गोष्टीची एक. नवा ट्रॅक घेतला की चेन ओढून आणायची, बस. माझ्या मते नवख्याने रीपरमध्ये हीच सवय सगळ्यात आधी लावावी.

एखादा प्लग-इन तात्पुरता नको असेल तर दोन पर्याय असतात. बायपास केला तर तो आवाजावर काम करत नाही, पण मेमरीत बसून राहतो. ऑफलाइन केला तर मेमरीही सोडतो. मे महिन्यात हा फरक फार जाणवतो. बाहेर पारा ४५ च्या आसपास, खोलीत कूलर बंद कारण रेकॉर्डिंग चालू, आणि लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मग वाजवताना आवाज तडतडतो आणि आपण प्लग-इनला दोष देतो. व्ह्यू मेनूतला परफॉर्मन्स मीटर उघडला की कुठला ट्रॅक किती भार घेतो ते दिसतं. बहुधा रिव्हर्ब जड निघतो. तो ट्रॅक फ्रीझ करा: इफेक्टसकट आवाज फाइलमध्ये उतरतो, प्लग-इन विश्रांती घेतात, आणि नंतर हवं तर पुन्हा मोकळा करता येतो. मिक्सिंगच्या वेळी बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ किंवा १०२४ वर नेणं हाही साधा उपाय आहे.

कूलरवर एक संपूर्ण उदाहरण

नागपूरच्या उन्हाळ्यातली सगळ्यांची अडचण घेऊन पाचही खण एकदा वापरून बघू.

शक्य असेल तर मुद्रणापुरता कूलर बंद करा. कुठलाही प्लग-इन याच्याइतकं चांगलं काम करत नाही. शक्य नसेल तर निदान पंप बंद करा, म्हणजे ताट्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा टपटप आवाज जाईल. पंख्याची सलग घरघर काढता येते, पाण्याचे सुटे थेंब निघत नाहीत, कारण सफाईचा इफेक्ट सलग, न बदलणारा आवाजच ओळखतो. बोलायला सुरुवात करण्याआधी दहा सेकंद गप्प बसा आणि ती शांतता मुद्रित होऊ द्या.

ऑडॅसिटीत ती दहा सेकंदं निवडून नॉइझ रिडक्शनला नमुना द्या, मग पूर्ण ट्रॅक निवडून इफेक्ट लावा. सुरुवात ६ ते १२ डेसिबलपासून. एका झटक्यात २४ केलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. खंजिरी असेल तर आणखी जपून: तिच्या चकत्यांची बारीक झणझण आणि कूलरची सळसळ वरच्या पट्ट्यात एकमेकींच्या जवळ असतात, आणि इफेक्ट दोन्ही खाऊन टाकतो. म्हणून खंजिरीचा माइक वेगळा असेल तर त्या ट्रॅकवर सफाई लावूच नका.

विजेची गुणगुण ऐकू येत असेल तर नॉच फिल्टर, म्हणजे एकच बारीक पट्टा कापणारा इफेक्ट. त्यात आधीपासून ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं, कारण अमेरिकेतली वीज ६० ची आहे. आपली ५० हर्ट्झची. आकडा बदलून ५० करा, गरज वाटली तर १०० आणि १५० वर पुन्हा लावा. मग ५० चा प्रीसेट साठवून टाका म्हणजे दर वेळी बदलावा लागणार नाही. बोलण्यासाठी ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापलं तरी टेबलाचे धक्के आणि बाहेरच्या ट्रकचा गडगडाट बराच जातो.

त्यानंतर इक्वलायझर हलक्या हाताने, मग कॉम्प्रेसर. इथे गोष्ट आणि भजन यांच्या वाटा वेगळ्या होतात. बोलण्याला कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे आवाज वाढल्यावर तो दाबायला लागणारा वेळ, जलद चालतो. खंजिरीच्या थापेला तो जलद ठेवला तर थापेचा सुरुवातीचा कडक ठोकाच दाबला जातो आणि भजनाचा जीव जातो; वीस-तीस मिलिसेकंद मोकळे सोडा. म्हणूनच वर प्रीसेटची नावं कामाने द्यायला सांगितली: एकच कॉम्प्रेसर, दोन नावं, दोन स्वभाव.

घुमार चवीपुरता. शेवटी मोजमाप: ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) जवळपास राहण्याची आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर न जाऊ देण्याची आहे. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मुळात उणे २३ असतं, ते युरोपातल्या प्रसारणाचं माप. ते बदलून उणे १६ करा.

नवा प्लग-इन घरात घेताना

मोह होणारच. म्हणून एक कसोटीची फाइल करून ठेवा, मिनिटभराची, आपल्याच आवाजात, आपल्याच खोलीत. तिच्यात थोडी शांतता असावी, "सासूबाईंनी सोसायटीत साखर वाटली" यासारखं 'स'ने भरलेलं वाक्य असावं, "भाऊने फाटकाआड फटाका फोडला" यासारखं माइकवर हवेचा धक्का मारणारं वाक्य असावं, एक कुजबुज, एक हाक, गाण्याची एक ओळ आणि वाद्य असेल तर त्याचा तुकडा. व्हिडिओतल्या परदेशी आवाजावर छान वाटलेला डी-एसर आपल्या श, ष, च वर कसा वागतो ते याशिवाय कळत नाही.

नवा प्लग-इन आला की संपादक बंद करून बसवा, पुन्हा उघडून स्कॅन होऊ द्या, आणि आधीपासून त्या खणात असलेल्या प्लग-इनशी या फाइलवर तुलना करा. तुलनेत एक फसगत असते: जो आवाज जरा मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो, अगदी एक-दोन डेसिबलच्या फरकानेही. म्हणून दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्या. डोळे मिटून ऐका. नवा खरंच सरस असेल तर ठेवा आणि त्याच खणातला एक जुना बंद करा. सारखाच वाटला तर नवा काढून टाका.

कामाच्या मध्यात आवृत्ती बदलू नका. अनेक प्लग-इन अपडेट करा म्हणून मागे लागतात. हातातलं काम पूर्ण होईपर्यंत थांबा. स्पर्धेच्या आदल्या रात्री तर काहीच बसवू नका.

बिघडलं तर

ऑडॅसिटी उघडतानाच अडकत असेल तर नुकताच बसवलेला प्लग-इन व्हीएसटी३ फोल्डरमधून उचलून बाजूला ठेवा आणि पुन्हा उघडा. यादीच गोंधळली असेल, म्हणजे काढलेले दिसतात आणि बसवलेले दिसत नाहीत, तर ऑडॅसिटी बंद करा, विंडोजच्या रन खिडकीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून एंटर दाबा, तिथल्या ऑडॅसिटी फोल्डरमध्ये प्लगइनरजिस्ट्री नावाची सीएफजी फाइल दिसेल. तिचं नाव बदला. पुढच्या वेळी ऑडॅसिटी सगळं नव्याने शोधतं. तुम्ही बंद केलेले काही प्लग-इन त्यात पुन्हा चालू होतील, तेव्हा वहीतली यादी जवळ ठेवा. डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल तर लाइट जाण्याच्या वेळा टाळून हे करा. स्कॅन अर्धवट तुटला की तोच गोंधळ परत होतो.

रीपरमध्ये प्रेफरन्सेस, प्लग-इन्स, व्हीएसटी या पानावर जुनी नोंद पुसून नव्याने स्कॅन करण्याची सोय आहे. एखादा प्रकल्पच उघडताना कोसळत असेल तर तो उघडण्याच्या खिडकीत इफेक्ट ऑफलाइन ठेवून उघडण्याची चौकट असते. तिच्यावर खूण करा, प्रकल्प उघडला की एकेक इफेक्ट चालू करत जा. ज्याला चालू करताच कोसळतं तो दोषी.

खिडकी रिकामी किंवा अर्धी दिसत असेल आणि आवाज ठीक येत असेल, तर ऑडॅसिटीच्या प्लग-इन खिडकीतल्या पर्यायांमधून त्या प्लग-इनचा चित्रमय चेहरा बंद करून साधे सरकते ठोकळे वापरता येतात. दिसायला रुक्ष, पण काम अडत नाही.

काम दुसऱ्याच्या हाती देताना

तबलजीने सदरहून ट्रॅक पाठवला, गायिका त्रिमूर्तीनगरात, मिक्स करणारा तिसरीकडे. अशा वेळी प्रकल्पाची फाइल नुसती पाठवली तर समोरच्याकडे तुमचे प्लग-इन नसतात आणि तो इशारे बघत बसतो. तीन गोष्टी पाठवा: मूळ, कोरे ट्रॅक डब्ल्यूएव्ही स्वरूपात; ऑडॅसिटीत एकेक ट्रॅक निवडून मिक्स अँड रेंडर करून इफेक्ट मुरवलेले तेच ट्रॅक; आणि वहीतल्या त्या ओळी, म्हणजे कुठल्या ट्रॅकवर कुठल्या क्रमाने काय लावलं होतं आणि कुठली आवृत्ती होती. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारे असू द्या, म्हणजे ते एकमेकांवर बरोबर बसतात.

स्वतःचा संगणक बदलतानाही हेच तीन भाग लागतात. फरक एवढाच, की जुना संगणक विकण्याआधी विकत घेतलेल्या प्लग-इनचे परवाने तिथून मोकळे करून घ्या. काही परवाने ठरावीक यंत्रांपुरतेच असतात. नव्या यंत्रावर साठ्याच्या फोल्डरमधून फक्त वहीत उरलेलेच बसवा, एका वेळी एक, आणि प्रत्येकानंतर कसोटीची फाइल एकदा वाजवून बघा.